एक जास्त

नारिनच्या इस्पितळाचं भांडार तळघरात आहे.
अकरा पायऱ्या, सातवी सैल.
"सातवीवर खोकं घेऊन थांबायचं नाही,"
चार्ज देताना झूराकान-एजे पहिलं हे बोलली.
किल्ल्या नंतर दिल्या.

तीन दिवस मोजत होतो आम्ही.
बाहेर उणे अठ्ठावीस, आत हीटरची एकच कांडी लाल.
ती वाचायची, मी टॅबलेटवर टिपायचो.
सलाइन, चारशे बारा.
बावीस नंबरच्या सुया, साडेसहा खोकी.
"अर्धं म्हणजे किती?"
उघडून मोजल्या. सत्तेचाळीस.
ऑक्सिजनचे सिलिंडर नऊ, त्यातल्या दोघांच्या गळ्यात
लाल लोकरीचा धागा: हे रिकामे.
रात्री घाईत कुणी भलताच ओढत वर नेऊ नये म्हणून.
लोकर तिच्या घरची.

आमच्याकडे जो सगळ्यांत म्हातारा
त्याला दारापासून सगळ्यांत लांब बसवतात, मानाच्या जागी.
"इथं उलटं," ती म्हणाली,
"ज्याची मुदत आधी संपते, तो दाराजवळ."
मग स्वतःच हसली. तिची मुदत शुक्रवारी संपत होती.

एकोणतीस वह्या. आले, गेले, उरले.
शेऱ्याचा रकाना बहुतेक कोरा,
कुठं कुठं एखादाच शब्द: उंदीर. पूर. तुर्दुबेकनं फोडली.

तिसऱ्या दिवशी तळच्या खणात
टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी निघालं.
नवजात बाळाच्या तोंडावर धरायचा मास्क,
शून्य नंबर, आणि त्याची दाबायची पिशवी.
वहीत चार होत्या.
हा पाचवा संच.

कमी निघालं तर चोरी म्हणतात.
जास्त निघालं तर काय म्हणतात
ते मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

ती हीटर माझ्याकडे वळवत राहिली,
गरज नसताना.
मग म्हणाली, डोलॉनची खिंड चार दिवस बंद होती त्या साली.
वहीत एक पिशवी होती.
कपाटातही एक होती.
हिशेब अगदी जुळत होता, एर्मेक.
फक्त ती हवा धरत नव्हती.
घडीपाशी रबर तडकलेलं,
आणि मी दर महिन्याला ती मोजत होते.
मोजत होते, दाबून बघत नव्हते.

त्यानंतर एक मेंढी विकून तिनं बिश्केकहून नवी आणली.
रबर जुनं झालं की दुसरी.
ही तिसरी.
पावती एकीचीही नाही.

"त्या पोराची आई बाजारात लोणी विकते," ती म्हणाली.
"मला तोलून देताना काटा जरा माझ्या बाजूनं झुकू देते.
मी काही म्हणत नाही.
दुसऱ्या दुकानात जाताही येत नाही मला."

टॅबलेट विचारत होता: माल कुठून आला?
तीनच पर्याय. केंद्रीय भांडार. खरेदी. देणगी.
माझं बोट देणगीवर गेलं,
तर त्यानं देणाऱ्याचं नाव मागितलं.
मी तिच्याकडे पाहिलं.
ती सुयांचं अर्धं खोकं पुन्हा मोजत होती.

मी पिशवी दाबली. मास्कपुढं तळहात धरला.
वारा लागला. पुन्हा दाबली. पुन्हा लागला.
टॅबलेटवर चार लिहिले,
आणि पाचवा संच त्याच टॉवेलात,
त्याच खणात.
"एप्रिलात रबर बघ," ती म्हणाली, वर न पाहता.

शुक्रवारी जाताना ती सातव्या पायरीवर थांबली,
दोन्ही हात रिकामे.
पायानं दगड हलवून पाहिला.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल.
"ही दुरुस्त करायची नाही असं काही नाही हं," ती म्हणाली.
"मी अकरा वेळा सिमेंट मागितलंय.
बाराव्यांदा तू माग."